हुक्क्याचा झटपट कोळसा: किती सेकंदांत पेटतो हे विचारू नकोस

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारा मुलगा साताऱ्याकडचा. दुबईत करामाला चौघांत एक खोली घेऊन राहतो. शनिवारी रात्री खोलीतच शीशा, म्हणजे हुक्का, लागतो. विजेच्या कॉइलची शेगडी नाही, म्हणून लायटरवर पेटणारा गोल कोळसा आणतात. दुकानात समोर पाच प्रकार असतात: हॉलंडचा थ्री किंग्स, पोलंडचा कार्बोपोल, बिननावाचे स्वस्त रोल, चंदेरी मुलाम्याच्या जपानी पट्ट्या आणि नारळाच्या करवंटीचे चौकोनी ठोकळे. यातला सगळ्यात लवकर पेटणारा आणि सगळ्यात जास्त टिकणारा कोणता? शिवाय पहिली दहा मिनिटं झकास जातात, मग घसा खरवडतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने दोघांचं डोकं ठणकायला लागतं. तेव्हा कोळसा बदलू की फ्लेवर? सोबत एक फोटो आहे: लाल गालिचा, मधोमध हुक्का, मागे बंद खिडकी, वर स्प्लिट एसी.

मला दादा म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतोय.

फ्लेवर बदलू नकोस, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. घसा खरवडतो तो कोळसा अर्धा कच्चा असताना चिलमीवर ठेवल्यामुळे. डोकं ठणकतं ते त्या बंद खिडकीमुळे. दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं दुसरं जिवावरचं आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. कोळसा झटपटच हवा असेल तर थ्री किंग्स किंवा कार्बोपोल, यातला ज्याचा रोल ताजा असेल तो, ४० मिलिमीटरचा. पण चार जण मिळून दीड-दोन तास ओढणार असाल, तर झटपट कोळसा हे त्या कामाचं हत्यारच नाही. कॉइल घ्या आणि करवंटीचा कोळसा वापरा.

आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो. मी दापोलीकडचा. दुबईच्या देरा भागातल्या एका कॅफेत अकरा वर्षं काढली, त्यातली पहिली तीन फक्त कोळशावर. म्हणजे मागच्या बाजूला कोळसा पेटवायचा, जाळीच्या डब्यात घालून टेबलाटेबलांवर फिरायचं, विझलेला उचलायचा, नवा ठेवायचा. आमचा मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, मिसरी होता. (आपल्याकडे मिश्री दाताला लावतात. दुबईत मिसरी म्हणजे इजिप्तचा माणूस. पहिल्या आठवड्यात माझा यात फार गोंधळ झाला.) त्याने मला अरबीतले जे पहिले दोन शब्द शिकवले ते फहम आणि जमर. फहम म्हणजे कोळसा, जमर म्हणजे निखारा. त्याचं म्हणणं एवढंच, की चिलमीवर जमर ठेवायचा, फहम ठेवलास तर पगार कापीन. आपल्या भाषेतही दोन वेगळे शब्द आहेतच की. झटपट कोळशाची सगळी गोम या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. पाकिटावर जे लिहिलेलं असतं ते कोळसा किती लवकर पेटतो याबद्दल असतं. तुला हवा असतो निखारा.

कॅफेत झटपट कोळसा चालत नसे. एकदाच, एका गुरुवारी रात्री, मागच्या शेगडीचा गॅस संपला आणि दुसरं सिलिंडर यायला तास लागणार होता. मुअल्लिमने मला कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पिटाळलं. होते तेवढे गोल कोळशाचे रोल मी घेऊन आलो. पहिल्या तीन टेबलांवर ठेवले. एका म्हाताऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने एकच दम घेतला, नळी शांतपणे टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “बारूद.” मला भाषांतर लागलं नाही.

म्हातारा बरोबर होता. झटपट गोळीत कोळशाची पूड असते, ती धरून ठेवायला खळीसारखं काहीतरी असतं आणि पेट घ्यायला सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र केले की बंदुकीची दारू होते. इथे गंधक नसतं आणि सोराही बेताचाच, म्हणून ती उडत नाही, नुसती धुमसते. सोरा तापला की त्यातून प्राणवायू सुटतो. त्यामुळे गोळी बाहेरच्या हवेची वाट बघत बसत नाही, आतल्या आत पेटत जाते. कडेला लायटर धरलास की चर्रर्र आवाज करत ठिणग्यांची एक रेघ या काठापासून त्या काठापर्यंत धावते. दिवाळीतल्या फुलबाजीतही नायट्रेटच असतं. म्हणून तो वास ओळखीचा वाटतो.

ही गोळी मुळात तंबाखूसाठी झालेलीच नाही. ती हातात घेऊन नीट बघ, एका बाजूने मधे खोलगट असते. ती वाटी धूप ठेवायला आहे. चर्चमध्ये साखळीला टांगलेलं धूपपात्र हलवतात ना, वसईत किंवा गोव्यात मोठ्या सणाला पाहिलं असशील, त्यात अशीच गोळी पेटवून वर धूप टाकतात. थ्री किंग्स या नावाचे तीन राजेही ख्रिस्ती कथेतले. बाळ येशूला सोनं, धूप आणि बोळ घेऊन भेटायला आलेले. धुपाचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं आणि गोळी थोडी धुरकट असली तरी धुपाच्या वासात ते कोणाला कळत नाही. आपण तीच गोळी घेतो, तिच्याकडून तासभर एकसारखी आच मागतो, आणि तिचा धूर धूपपात्रातून छताकडे जाऊ द्यायच्या ऐवजी नळीने छातीत ओढतो. मग ती कुरकुरणारच.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. लवकर कोण पेटतो? ठिणग्यांची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला चांगल्या गोळीला अर्धा ते एक मिनिट लागतं. ब्रँडाब्रँडांत फरक असेल तो दहा-वीस सेकंदांचा. पण ठिणग्या थांबल्या की गोळी पुन्हा काळी दिसायला लागते, आणि सगळे फसतात ते इथेच. सोरा वरून जळाला, आत अजून शिल्लक आहे, खळ जळायची आहे, मधला भाग तर पुरता तापलेलाही नाही. पाकिटावर ‘तीस सेकंदांत तयार’ वाचून तू ती उचलून चिलमीवरच्या फॉइलवर ठेवतोस. पहिल्या दहा-बारा दमांत त्या कच्च्या धुराची चव फ्लेवरच्या गोडव्याखाली दबून जाते, म्हणून तुला झकास वाटतं. नंतर फ्लेवर उतरतो आणि खालचं सगळं वर येतं. चिमट्यात धरून किंवा धातूच्या जाळीवर ठेवून आणखी तीन ते पाच मिनिटं थांबायचं, मधे एकदा उलटायची, हलकी फुंकर घालायची. सगळीकडून करडी राख धरली, काळा ठिपका कुठेच नाही, फुंकर घातल्यावर आतून एकसारखा लाल झळाळला, धूर पूर्ण थांबला, की तो जमर. त्याआधी चिलमीजवळ न्यायचा नाही.

म्हणजे हिशेब बघ. झटपट कोळसा तयार व्हायला खरी वेळ चार-पाच मिनिटं. करवंटीचा ठोकळा कॉइलवर आठ ते दहा मिनिटं घेतो. वाचली किती? पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी तू दोन तासांची चव घालवतोस. मला विचारशील तर हा सौदा डोंगरात टेंट लावून बसलेल्याला परवडेल, घरात राहणाऱ्याला नाही.

टिकण्याचं म्हणशील तर ३३ मिलिमीटरची गोळी कामाची आच देते पंचवीस-तीस मिनिटं आणि ४० ची देते चाळीसच्या आसपास. त्यानंतरही ती लाल दिसते, पण तिच्यात दम उरलेला नसतो. तू जोरात ओढायला लागतोस, नळीत हवा जास्त खेचली जाते, घसा कोरडा पडतो. शिवाय ही आच सपाट नसते. सुरुवातीला चढते आणि मग उतरणीला लागते. चढते तेव्हा मुअस्सलमधली, म्हणजे फ्लेवरच्या ओल्या तंबाखूतली, काकवी करपते. तुला वाटतं कोळसा विझत आला, म्हणून नवी गोळी ठेवतोस, ती पुन्हा चढते आणि जी काकवी उरली होती तीही करपवते. म्हणून झटपट कोळशावर बसायचं तर एका वेळी एक पूर्ण गोळी मधोमध ठेवू नये. ४० ची गोळी पेटवण्याआधी मोडून दोन अर्ध्या चकत्या कर आणि चिलमीच्या काठाकाठाने समोरासमोर ठेव. मधली जागा मोकळी. दर पाच-सात मिनिटांनी जागा बदलत राहा, राख झटकत राहा. ३३ ची असेल तर खोलगट बाजू खाली करून ठेव. फॉइलला कमी टेकते, आच थोडी सौम्य लागते. आणि या गोळ्या धातूच्या त्या झाकणाच्या भांड्यात, ज्याला दुकानदार एचएमडी म्हणतात, त्यात घालू नकोस. ते ठोकळ्यांसाठी आहे. बंद जागेत झटपट गोळीचा धूर कोंडतो आणि सगळा खाली उतरतो.

थ्री किंग्स की कार्बोपोल, यावर पोरं रात्र-रात्र भांडतात. मी दोन्ही भरपूर जाळले आहेत. खरं सांगू? या दोघांत जेवढा फरक आहे त्यापेक्षा जास्त फरक एकाच कंपनीच्या ताज्या आणि शिळ्या रोलमध्ये असतो. एका रोलमध्ये दहा गोळ्या, दहा रोलांचं खोकं, म्हणजे शंभर. स्वस्त पडतं म्हणून पोरं खोकं उचलतात, आणि चार महिन्यांनी उरलेले रोल वापरून कंपनीला शिव्या घालतात. जुलै-ऑगस्टात दुबईची हवा काय असते ते तुला माहीत आहे. चष्मा घालून एसीतून बाहेर पडलं की काचा आंधळ्या होतात. कोळसा ही ओल स्पंजासारखी पितो. ओल प्यायलेल्या गोळीत ठिणग्यांची रेघ अर्ध्यावर मरते, मग आपण दुसऱ्या बाजूने पेटवतो, मग तिसऱ्या, आणि शेवटी मिळतो अर्धा निखारा, अर्धा कोळसा. रोल उघडला की उरलेल्या गोळ्या फॉइलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हव्यात. गोळीवर पांढुरका थर आलेला दिसला तर ती एकदा भिजून सुकली आहे, आतला सोरा वर आला आहे. फेकून दे. ओव्हनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसजवळ सुकवायचा खेळ करू नकोस. त्यात सोरा आहे हे विसरू नकोस.

दुकानात रोल घेताना कानाजवळ हलवून बघ. आतून भुगा खुळखुळला तर ठेवून दे. कडा झिजलेल्या, तुटलेल्या गोळ्या असमान पेटतात.

बिननावाच्या स्वस्त रोलांबद्दल फार लिहीत नाही. काही बरे निघतात. पण कुठला बरा निघेल ते रोल फोडल्याशिवाय कळत नाही आणि पुढच्या खेपेला तोच माल येईल याची खात्री नसते. त्यात सोरा जास्त असला की ठिणग्या हातभर उडतात. लवकर पेटतो म्हणून पोरं खूश होतात, पण लवकर पेटणं म्हणजे चांगलं असणं नव्हे. अशा गोळ्या कधी कधी तडकून टवके उडवतात. मी स्वतः अशाच एका टवक्याने मनगटावर डाग कमावला आहे.

जपानी चंदेरी पट्ट्या मला झटपट प्रकारात सगळ्यात सभ्य वाटल्या. वास कमी, पेट पटकन, मोडून हवे तेवढे तुकडे करता येतात. पण पातळ असल्यामुळे लवकर राख होतात, आणि किंमत ऐकून मुअल्लिम हसला होता. एकट्याने अर्धा तास ओढायचं असेल तर घे. चौघांना पुरणार नाहीत.

करवंटीच्या ठोकळ्यांवर मात्र मी थोडा जास्त बोलणार, कारण तिथे माझं कोकणी रक्त जागं होतं. आमच्या घरी न्हाणीतल्या चुलीत करवंट्या जळायच्या. आजी म्हणायची, लाकडाची आच भडकते आणि जाते, करवंटीची आच बसते. त्यात तथ्य आहे. करवंटी लाकडापेक्षा दाट असते, तिचा कोळसा कडक होतो आणि सावकाश जळतो. हाच कोळसा दळून, त्यात टॅपिओकाच्या पिठाची खळ कालवून, दाबून, भट्टीत सुकवून ठोकळे पाडतात. सोरा नाही. सगळ्यात जास्त माल इंडोनेशियातून येतो. तसं हे तंत्र आपल्याला परकं नाही. पूर्वी गुडगुडीवर ‘गुल’ ठेवत, कोळशाच्या पुडीत पेज कालवून वळलेले गोळे. इंडोनेशियाने त्याला चार कोपरे दिले, एवढंच म्हण.

पाकिटावर २५ मिलिमीटर लिहिलं असेल तर किलोत साधारण ७२ ठोकळे बसतात, २६ चे ६४. तुझ्या मातीच्या चिलमीला २५ चे तीन पुरतात. दोन ठोकळे एकमेकांवर आपट, टणक खणखणीत आवाज आला पाहिजे. ठसठस वाजला तर आत ओल आहे किंवा नीट दाबलेला नाही. जळाल्यावर राख फिकट, पांढरी-राखाडी आणि थोडी पडली पाहिजे. राख काळपट, भुरभुरीत, भरपूर पडत असेल तर करवंटीत लाकडाचा भुसा किंवा माती मिसळली आहे. चांगला ठोकळा तास-दीड तास एकसारखी आच देतो, म्हणजे तुझी अख्खी बैठक एका खेपेत निभते.

लायटरने तो पेटणार नाही. पोरं त्यावर लायटरचं इंधन, पेट्रोल, डोक्याला लावायचं सेंट, काय वाट्टेल ते शिंपडतात. तसलं काही करायचं नाही, ते सगळं नंतर नळीतून येतं. छोटी कॉइलची शेगडी घे, सहाशे ते हजार वॉटची पुरते. ठोकळे कॉइलवर सपाट ठेव, पाच मिनिटांनी उलट, तिसऱ्या बाजूवर आणखी दोन-तीन मिनिटं. शेगडी टाइल्सवर ठेवायची, प्लास्टिकच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावायची नाही, आणि लावून ठेवून मोबाइलवर बोलायला बाहेर जायचं नाही. घरमालकाला विचारून घे. बऱ्याच इमारतींत बाल्कनीत निखारा चालत नाही.

आता डोक्याचं. हा भाग मित्रांनाही वाचायला दे.

कोळसा नीट, भरपूर हवेत जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली, धुमसत जळला, की कार्बन मोनॉक्साइड होतो. चिलमीवरचा निखारा हा कायम धुमसणाराच असतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि तिथे बसला की प्राणवायूला जागा देत नाही. डोकं ठणकणं, गरगरणं, मळमळ, छातीत धडधड ही त्याची सुरुवात. पोरं याला ‘शीशा चढला’ म्हणतात आणि हसतात. तो चढत नसतो, तुझं रक्त प्राणवायू वाहायचं सोडत असतं. मोकळ्या हवेत बाहेर येऊनही रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणून कधी कधी पहाटेपर्यंत डोकं उतरत नाही.

हुक्क्यातल्या पाण्याने हे गाळलं जातं असं तुला कोणीतरी सांगितलं असेल. नाही. हा वायू पाण्यात नावापुरताच विरघळतो. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हेच तपासलं होतं: तीच चिलीम, एकदा कोळशावर आणि एकदा विजेच्या तापकावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडपैकी सुमारे नव्वद टक्के कोळशातून येत होता, आणि बेंझोपायरीन नावाचा कर्करोगाशी जोडलेला पदार्थही बहुतेक सगळा कोळशातूनच. तेव्हा ‘हा नैसर्गिक कोळसा आहे, करवंटीचा आहे, यात केमिकल नाही’ असं दुकानदार म्हणाला तर मान डोलव आणि विसरून जा. करवंटीचा कोळसा चवीला चांगला, हाताळायला चांगला, सोऱ्याचा धूर नाही. पण तो कोळसाच आहे. उलट तीन ठोकळे दीड तास धुमसतात तेव्हा जळणारा कोळसा एका गोळीपेक्षा जास्तच असतो. आणि तंबाखू तो तंबाखू, निकोटिन तेच. हे मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चिलमी पेटवून सांगतोय, स्वतः ओढणं मी कधीच सोडलं.

तुझ्या फोटोत स्प्लिट एसी आहे. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेरची हवा आणत नाही. खोली गार वाटते म्हणून ताजी वाटते, एवढंच. चौघं जण, दारं-खिडक्या बंद, एक शीशा तोंडात वायू सोडतोय आणि वरचा निखारा खोलीत सोडतोय. जो ओढत नाही तोही तेच घेतोय. खालचा गालिचा काय, वरचा पलंग काय, हा वायू हवेइतकाच जड असल्यामुळे सगळीकडे सारखा पसरतो. बाल्कनी असेल आणि तिथे निखारा चालत असेल तर तिथे, नसेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. तेही जमत नसेल तर घरात लावू नका, कॅफेत जाऊन बसा, जिथे वर हवा खेचणारे मोठे पंखे असतात. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म मिळतो, तो खोलीत लाव. धुराचा अलार्म वेगळा, तो यासाठी वाजत नाही. डोकं ठणकायला लागलं की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, हुक्का नंतर. कोणी उलटी केली, बोलणं अडखळलं, गुंगीत गेला, तर झोपू द्यायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची आणि डॉक्टरांना ‘कोळसा जळत होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आणि पेटता कोळसा खोलीत ठेवून कधीही झोपायचं नाही, विझल्यासारखा दिसत असला तरी.

दिसण्यावर जाऊ नकोस म्हणतो ते आगीसाठीही. राखेखालचा निखारा कित्येक तास जिवंत राहतो. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली, १४ माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी हेच त्याचं कारण असावं असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आली. म्हणून वापरलेला निखारा कचऱ्याच्या पिशवीत जात नाही. पत्र्याच्या डब्यात तळाला पाणी ठेव, चिमट्याने एकेक त्यात सोड, चुर्र आवाज थांबेपर्यंत उभा राहा, दुसऱ्या दिवशी टाक.

सुट्टीला गावी येताना बॅगेत रोल किंवा ठोकळे आणायचा विचार असेल तर सोड. विमानात कोळसा हा आपोआप तापू शकणाऱ्या मालात मोडतो, साधा असो की झटपट. शारजाच्या विमानतळावर बॅगा उघडून घेतलेले मी पाहिले आहेत.

या शनिवारपुरतं सांगायचं तर एवढं कर. कॉइल आणेपर्यंत घरात आहेत त्या गोळ्यांतली बंद रोलमधली एक घे, मोड, बाल्कनीत ताटलीवर धरून पेटव आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांब. हुक्का पण बाल्कनीतच. चार जणांनी चाळीस मिनिटं ओढा आणि उठा, दुसरी गोळी पेटवू नका. घसा खरवडला की नाही ते मला कळव, मी पैजेवर सांगतो खरवडणार नाही. डोकं तरीही ठणकलं तर पुढचा प्रश्न मला विचारू नकोस, डॉक्टरांना विचार.

आणि तो लाल गालिचा गुंडाळून कपाटात ठेव. फोटो मोठा करून बघ, हुक्क्याच्या डाव्या अंगाला तीन काळे ठिपके दिसतात. ती नक्षी नाही.